ओळंबा

वाराणसीत मणिकर्णिकेला उत्तरेकडून लागून शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे १८२७ साली निवर्तले. त्यानंतर तीन वर्षांनी, १८३० साली, त्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी हा घाट बांधविला. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या या कर्तबगार स्त्रीने हाती घेतलेले काम भव्य होते. पण दगडाचा तो भार नदीकाठच्या भुसभुशीत जमिनीला पेलवला नाही आणि घाट खचला. पुढे १९३७ साली त्याची पुन्हा बांधणी झाली. आज यात्रेकरू ज्या पायऱ्या उतरतो त्या या दुसऱ्या बांधणीनंतरच्या होत. पायथ्याशी असलेले रत्नेश्वर महादेवाचे देऊळ मात्र सरळ झाले नाही. ते सुमारे नऊ अंशांनी कललेले आहे. आईचे ऋण फेडले असे म्हणणाऱ्या कोणा पुत्राच्या गर्वामुळे ते कलले, अशी दंतकथा सांगतात. वर्षातले कितीतरी महिने त्याच्या गाभाऱ्यात पाणी आणि गाळ असतो. गवंड्याने ओळंबा सोडून पाहिले तर हे देऊळ चुकीचे ठरेल. तरीही ते उभे आहे आणि पाणी ओसरले की तिथे पूजा होते.

जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने या देवळाचे चित्र काढले होते. १८२० साली तो काशीच्या टांकसाळीत आला आणि १८३० पर्यंत तिथे राहिला. त्याने शहराची मोजणी केली, खानेसुमारी केली, सांडपाण्यासाठी जमिनीखालून बोगदा काढला, घाटांची आणि देवळांची चित्रे रेखाटली. नदी चढली की पुजाऱ्याला बुडी मारून या देवळात पूजेला जावे लागते, अशी नोंदही त्याच्या लेखणीतून उतरली. कलकत्त्यास गेल्यावर १८३७ च्या सुमारास त्याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि अशोकाचे शिलालेख पुन्हा बोलते झाले. त्यानंतर वर्षभरातच त्याला डोकेदुखीने ग्रासले, बुद्धी मंदावली, आणि १८३८ च्या अखेरीस त्याला मायदेशी न्यावे लागले. २२ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये तो वारला. तेव्हा त्याचे वय अवघे चाळीस वर्षांचे होते. मृत्यूचे कारण ‘मेंदू मऊ पडणे’ असे सांगितले गेले.

हे नाव त्या काळी नवे होते. प्रिन्सेप काशीला आला त्याच वर्षी, १८२० साली, पॅरिसमध्ये लेऑन रोस्तां या वैद्याने मेंदूच्या मऊ पडण्यावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला होता. मृताचा मेंदू उघडून पाहिला असता त्याचा एखादा भाग लिबलिबीत झालेला दिसे. त्याला हे नाव दिले जाई, आणि या एका नावाखाली अनेक निरनिराळे आजार येत. पुढे रुडॉल्फ फिर्खोच्या संशोधनातून रक्ताच्या गुठळीचे कार्य उमगले आणि त्यांतला एक मोठा गट वेगळा काढता आला : रक्तवाहिनी तुंबल्यामुळे मेंदूचा जो भाग उपाशी मरतो त्याचा. प्रिन्सेपला नेमके काय झाले ते त्या शब्दावरून ठरविता येत नाही. परंतु चाळिशीच्या आत मेंदूवर घाला पडतो आणि लिपी उलगडणाऱ्याचीच अक्षरे हिरावून घेतली जातात, ही घटना या घाटाच्या इतिहासाला अशी जवळून स्पर्शून गेली आहे.

मराठीत या आजाराला पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा अशी नावे आहेत; पण खेड्यातला माणूस म्हणतो, ‘अंगावरून वारे गेले.’ या बोलण्यात आयुर्वेदातला वातदोष जसाच्या तसा उरला आहे. सुश्रुताला शल्यविद्या शिकविणारा दिवोदास हा काशीचा राजा होता, असे परंपरा मानते. सुश्रुतसंहितेत पक्षाघात वातव्याधींमध्ये येतो. चिकित्सेच्या भागात, कोणत्या रुग्णावर उपचार हाती घ्यावेत याचे काही निकष दिले आहेत. त्याची गात्रे सुकलेली नसावीत, त्याला वेदना कळत असाव्यात, त्याचे मन त्याच्या ताब्यात असावे, आणि उपचाराची साधने त्याच्यापाशी असावीत. उपचार तीन-चार महिने चालवावेत, असेही तिथे सांगितले आहे. हे निकष कठोर वाटतात. तथापि त्यांतला शेवटचा निकष आजही कोणाच्या सांगण्यावाचून लागू होत असतो. साधने ज्याच्यापाशी आहेत त्याचेच पुनर्वसन होते.

आधुनिक वैद्यकाला या आजाराची यंत्रणा बरीच उलगडली आहे. बहुसंख्य रुग्णांत मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. उरलेल्यांत ती फुटून रक्तस्राव होतो. मोठी वाहिनी बंद राहिली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. म्हणून गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. म्हातारपणी या आजाराच्या मुळाशी बहुधा कडक झालेल्या धमन्या असतात. तरुणांत कारणे पांगलेली असतात. लहानपणी घसा सुजून आलेल्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आखडलेली असते आणि तिच्यामागे साठलेल्या रक्तातून गुठळी सुटते. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत मेंदूतील शिरांत रक्त गोठते. क्षयाचा मेंदूज्वर धमन्यांना वेढतो. मानेतल्या धमनीचे आतले अस्तर फाटते. आणि या सर्वांच्या जोडीला कोणी कधी न मोजलेला रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू असतातच.

हा केवळ शहरी आयुष्याचा रोग आहे हा समज महाराष्ट्रातल्याच एका अभ्यासाने दूर केला. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेतील संशोधकांनी जिल्ह्यातील ८६ खेड्यांत २०११ ते २०१३ या दोन वर्षांतील मृत्यूंची कारणे शोधली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झालेले होते. सात मृत्यूंमागे एक, असे हे प्रमाण पडते, आणि दुसरे कोणतेही एक कारण त्याच्या पुढे नव्हते. यांतील बहुतेक माणसे घरीच वारली. जी वाचतात तीही घरीच राहतात. त्यांच्यासाठी वारे येऊन गेले. मागे काय उरले हे घरच्यांना ठाऊक असते.

मागे काय उरले ते मोजण्याची साधने वैद्यकापाशी आहेत. त्यांतली दोन जगभर चालतात. पहिले ग्लासगोच्या जॉन रँकिन यांनी १९५७ साली मांडले. मुळात पाच पायऱ्या होत्या. नंतर दोन्ही टोकांना भर पडून आज शून्य ते सहा अशी श्रेणी वापरतात. शून्य म्हणजे काहीच लक्षण नाही, सहा म्हणजे मृत्यू. शून्य, एक किंवा दोनपर्यंत आलेला रुग्ण ‘स्वावलंबी’ गणला जातो. रँकिन यांचा तो मूळ अभ्यास साठ वर्षांवरील रुग्णांचा होता, ही गोष्ट सहसा लक्षात ठेवली जात नाही. दुसरे साधन १९६५ सालचे, महनी आणि बार्थेल या दोघींच्या नावाचे. त्यात जेवण, आंघोळ, कपडे, शौच, चालणे अशा दहा गोष्टींना मिळून शंभर गुण आहेत. जिना चढण्या-उतरण्याला दहा गुण आहेत.

शिंदे घाटावर राहणाऱ्याला हे दहा गुण पुरतील काय? घराच्या दारापासून पाण्यापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. त्यांना कठडा नाही, पावसाळ्यानंतर त्यांवर चिखलाचा थर. या मोजपट्टीत जमिनीवर मांडी घालून बसणे आणि तिथून आधाराविना उठणे नाही. उकिडवे बसणे नाही. उजव्या हाताने भात कालवून घास तोंडापर्यंत नेणेही नाही. चमच्याने डाव्या हाताने जेवला तरी गुण पूर्ण. ज्या समाजात डावा हात पानाला लावत नाहीत, त्यात पंगतीला बसलेल्या उजव्या अंगाच्या रुग्णाचे पोट भरते, पण तो पुढच्या वेळी पंगतीला येण्याचे टाळतो. पितरांना पाणी देताना ओंजळ जुळत नाही. नमस्कार एका हाताचा होतो. या उणिवा कोणत्याही तक्त्यात उतरत नाहीत आणि म्हणून अभ्यासाच्या निष्कर्षातही त्या येत नाहीत.

तरुणाच्या बाबतीत ही तफावत आणखी वाढते. पंचाहत्तरीच्या माणसाला काठी टेकत अंगणापर्यंत जाता आले तर घरचे देवाचे आभार मानतात. तिशीतला माणूस तेवढेच करू लागला तर मोजपट्टी दोघांना सारखेच गुण देते. पण त्याच्यापुढे चाळीस वर्षे आहेत. काशीच्या मदनपुऱ्यातल्या एखाद्या विणकराची कल्पना करावी. तो चालू शकतो, बोलू शकतो, स्वतः जेवतो. मात्र मागावर बसल्यावर बोटांना जरीची तार कळत नाही. श्रेणीनुसार तो स्वावलंबी झाला, मागाच्या दृष्टीने तो कामातून गेला. बाळंतपणात मेंदूत गुठळी झालेल्या आईचा हात हलू लागतो, परंतु पाळण्यातून लेकरू उचलण्याइतका त्यावर तिचा भरवसा बसत नाही. लग्न ठरलेल्या मुलीचे लग्न मोडते; मोडले नाही तर ‘तिला काय झाले होते’ हे लपवून केले जाते. तरुणांच्या बरे होण्याचा अभ्यास करणाऱ्याला हे प्रश्न विचारावे लागतात, आणि त्यांची उत्तरे दवाखान्याबाहेर राहतात.

हॉलंडमधील नाइमेगेन येथील संशोधकांनी या दिशेने एक मोठे पाऊल टाकले. १८ ते ५० या वयात, १९८० पासून २०१० पर्यंत पक्षाघात झालेल्यांचा त्यांनी माग काढला आणि कित्येक वर्षांनी त्यांची पुन्हा विचारपूस केली. सरासरी नऊ-दहा वर्षांनंतरही जवळजवळ एकतृतीयांश रुग्ण परावलंबी राहिले होते किंवा दगावले होते. ४१ टक्क्यांना सततचा थकवा होता. पक्षाघात न झालेल्या समवयस्कांत हे प्रमाण १८ टक्के होते. बेकारीही अधिक होती. थकवा दिसत नाही. चेहरा सरळ झालेला, पाय टाकण्यात लंगड नाही, आणि दुपारी दोन वाजता माणूस मिटल्यासारखा होतो. घरचे त्याला आळशी म्हणतात, मालक कामचुकार म्हणतो. या आकड्याचे मोल असे, की त्यामुळे त्या थकव्याला रोगाचा भाग म्हणून नाव मिळाले.

बरे होण्याला किती काळ लागतो, या प्रश्नाचे उत्तर तर सतत बदलत आले आहे. कोपनहेगनमध्ये १,१९७ रुग्णांचा अभ्यास होऊन १९९५ साली असे दिसले, की सुमारे ९५ टक्के रुग्णांत सुधारणेची कमाल मर्यादा तीन महिन्यांच्या आसपास गाठली जाते. सुश्रुताच्या तीन-चार महिन्यांशी हा काळ जुळतो, हे लक्षणीय आहे. परंतु सरासरीचा नियम झाला आणि नियमाचा निकाल झाला. तीन महिने उलटले की ‘आता होते तेवढे झाले’ असे रुग्णाला सांगितले जाऊ लागले. याला छेद देणारा पुरावा हळूहळू जमला. अमेरिकेत एडवर्ड टॉब यांच्या विचारातून निघालेल्या पद्धतीत चांगला हात मोज्यात बांधून ठेवतात आणि दुबळ्या हाताला काम करावयास लावतात. २००६ साली २२२ रुग्णांवरील चाचणीत, आजाराला तीन ते नऊ महिने झालेल्यांनाही तिचा लाभ झाला. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथे २२४ रुग्णांकडून तीन आठवड्यांत ९० तास हाताचे काम करवून घेतले गेले. त्यांतील निम्म्यांना आजार होऊन दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. हात सुधारले आणि सहा महिन्यांनंतरही ती सुधारणा टिकली होती, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. अर्थात तीन आठवड्यांत नव्वद तास रुग्णापाशी बसणारा शिकलेला माणूस ही चैन आहे. उपकरणवान् या सुश्रुताच्या अटीपाशीच आपण पुन्हा येऊन ठेपतो.

एका बाईच्या बाबतीत संशोधक आणि रुग्ण एकच होते. जिल बोल्ट टेलर या मेंदूच्या रचनेच्या अभ्यासक. १० डिसेंबर १९९६ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यांच्या मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव झाला. चालणे, बोलणे, वाचणे, आठवणे यांपैकी काही उरले नाही. शस्त्रक्रियेनंतर आईने त्यांना लहान मुलासारखे पुन्हा शिकविले, आणि पूर्ववत व्हायला आपल्याला आठ वर्षे लागली असे त्यांनी लिहून ठेवले. एका व्यक्तीच्या अनुभवावरून नियम बांधता येत नाही. तथापि तिसऱ्या महिन्याला वही मिटणाऱ्या अभ्यासाला ही आठ वर्षे कधीच दिसली नसती, एवढे त्यातून निश्चित कळते.

आशेची दुसरीही बाजू आहे. पडलेल्या तरुणाच्या घरी जो येतो तो काहीतरी सुचवितो : कबुतराचे रक्त, अमक्या गावचे तेल, तमक्या शहरातली पेशींची महागडी सुई. जमीन विकली जाते. म्हणूनच ज्या चाचण्यांतून ‘लाभ नाही’ असे उत्तर येते त्यांचेही उपकार मोठे आहेत. भारतात १२० रुग्णांवर अस्थिमज्जेतील मूळ पेशींची चाचणी झाली आणि २०१४ साली निष्कर्ष आला, की लाभ दिसत नाही. फ्रान्समध्ये ११८ रुग्णांच्या चाचणीत नैराश्यावरच्या एका औषधाने हातपाय सुधारतात असे २०११ साली वाटले होते; ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांवर तेच करून पाहिले तेव्हा ती आशा मावळली. पहिल्याच दिवशी रुग्णाला उठवून वारंवार हिंडवावे असे अनेकांना वाटे. २,१०४ रुग्णांच्या चाचणीने २०१५ साली दाखविले, की फार लवकर आणि फार जास्त केल्याने उलट नुकसान होते.

भारताच्या दृष्टीने सर्वांत बोलका निकाल २०१७ चा. देशातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्ण निवडले गेले. निम्म्यांच्या घरातील माणसाला व्यायाम आणि शुश्रूषा पद्धतशीर शिकविली, उरलेल्यांवर नेहमीसारखे उपचार झाले. घरचे हात शिकविले की तज्ज्ञांची उणीव भरून निघेल, अशी अपेक्षा होती. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मरण पावलेले किंवा परावलंबी राहिलेले यांचे प्रमाण सारखेच, ४७ टक्के, निघाले. यातून घरच्यांची माया व्यर्थ ठरत नाही. पण बायकोने, आईने, धाकट्या बहिणीने बिनमोल राबावे आणि व्यवस्थेने तेवढ्यावर भागवावे, या सोयीस्कर कल्पनेला या आकड्यांनी आधार दिला नाही. शुश्रूषा करणारीही तरुणच असते, आणि तिचीही वर्षे त्याच खोलीत जात असतात.

वाचेच्या बाबतीत मात्र काशीसारख्या नगराने विचार करावा असे एक जुने निरीक्षण आहे. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे ठाणे डावीकडे असते. तोच भाग उजवे अंग चालवितो. म्हणून उजवे अंग जाते तेव्हा पुष्कळदा शब्दही जातात. १७४५ साली स्वीडनमधील ओलोफ दालिन यांनी अशा एका माणसाची हकिकत नोंदविली. त्याला बोलता येत नव्हते, पण पूर्वी पाठ असलेली स्तोत्रे तो स्पष्ट म्हणत असे. याच गुणाचा उपयोग करून १९७३ साली बॉस्टनमध्ये सुरांच्या आधाराने बोलणे शिकविण्याची पद्धत मांडली गेली. जिथे पाठांतर हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे, तिथे ‘पाणी’ हा शब्द न सापडणारा माणूस आचमनाचा मंत्र अखंड म्हणून गेला तर त्याला चमत्कार म्हणतील किंवा ढोंग. दोन्ही शब्द त्याच्यावर अन्याय करतील. पाठ झालेले आणि नव्याने घडविलेले वाक्य यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत, आणि पहिलीवरून दुसरीकडे नेण्याचे कष्ट कोणीतरी रोज घ्यावे लागतात.

रोज, हाच येथे महत्त्वाचा शब्द आहे. पूर ओसरला की काशीच्या घाटांवरचा गाळ दर वर्षी उपसावा लागतो. एकदा उपसला म्हणून पुढल्या वर्षी तो यायचा थांबत नाही. दुबळ्या हाताची मूठ उघडणे असेच असते. शंभरदा उघडली तरी रात्री ती पुन्हा मिटते. संशोधनाने या कंटाळवाण्या कष्टांना काही अर्थ दिला आहे, काही फसव्या वाटा बंद केल्या आहेत, आणि काळाची मुदत थोडी लांबविली आहे. ओळंबा कुठे धरायचा, हे मात्र त्याने अजून पुरते ठरविलेले नाही. आजारापूर्वीचा माणूस हाच ओळंबा मानला, तर तरुण वयात पक्षाघातातून वाचलेला जवळजवळ प्रत्येक जण आयुष्यभर चुकीचा ठरेल. आणि तो स्वतःही स्वतःला त्याच दोरीने मोजत राहील.

काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या वैद्यकशास्त्र संस्थेत आज आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक या दोन्ही शाखा एकाच छत्राखाली आहेत. तिथे, गडचिरोलीत, मुंबईत वा अन्यत्र, सहा महिन्यांनी तपासणीस आलेल्या तरुणाला विचारतात : हात वर होतो का? चालता येते का? हे विचारलेच पाहिजे. त्यानंतर आणखी दोन प्रश्न विचारावेत, आणि ते सहाव्या महिन्याला विचारून न थांबता सहाव्या वर्षीही विचारावेत : दिवसभर काय करतोस? आणि जेवायला कोणाबरोबर बसतोस? उत्तरे लिहायला तक्त्यात आज रकाना नाही. तो आखण्याचे काम पुढच्या संशोधकाचे आहे.